कूलरच्या खोलीतली लेन्स

एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी कूलर पुसूनधुऊन खिडकीत लागतात. वाळ्याच्या नव्या ताट्या बसतात, टाकीत पाणी सोडलं जातं आणि तो ओळखीचा ओला, गार वारा घरभर फिरू लागतो. बाहेर ४४ अंश आणि हवेत ओलावा जेमतेम १५-२० टक्के. आत पारा तिशीवर आणि ओलावा ६५-७० टक्क्यांच्या घरात. माणसांना यासारखं सुख नाही. त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात, बॅगेच्या फोमच्या कप्प्यात पडून असलेल्या लेन्सचा पावसाळा मात्र त्या दिवशीच सुरू झालेला असतो.

विदर्भाची हवा कोरडी, फंगस म्हणजे काचेवरची बुरशी हा मुंबई-कोकणचा रोग, असं आपल्याकडचे मुरलेले फोटोग्राफरही म्हणतात. बाहेरच्या हवेपुरतं ते खरं आहे. पण दोन ऑर्डरींच्या मध्ये लेन्स राहते ती घरात, आणि उन्हाळ्यात घर म्हणजे कूलरची खोली. कूलरचे दोन महिने आणि त्यांच्यामागून येणारे पावसाचे चार, असा सलग सहा महिन्यांचा ओला काळ इथल्या लेन्सच्या वाट्याला येतो.

फंगसचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, नव्या लेन्सच्या आतही असतात. त्यांना जागं व्हायला साठ-पासष्ट टक्क्यांच्या वरचा ओलावा सलग काही दिवस मिळावा लागतो. अंधार आणि साचलेली हवा बॅगेत आयतीच असते. खायला धूळ, बोटांचं तेल, आतल्या ग्रीसचा काचेवर बसलेला पातळ थर, काहीही चालतं. सुरुवातीला काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यातल्या धाग्यासारखी एक बारीक रेघ दिसते. या टप्प्यावर लेन्स उघडून ती काच पुसली तर डाग जातो. पुढे त्या धाग्यांतून झिरपणारं आम्ल आधी कोटिंग, म्हणजे काचेवरचा परावर्तन कमी करणारा पातळ लेप, आणि मग काच खातं. मग फंगस पुसला गेला तरी त्याचा नकाशा काचेवर कोरलेला राहतो, आणि तो कोणताही कारागीर घालवू शकत नाही.

उपाय महागडा नाही. तीनचारशे रुपयांचा आर्द्रतामापक कपाटात ठेवला की डोळे उघडतात. ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतला ओलावा ठरवून ठेवणारं कपाट, असेल तर ते ४० ते ५० टक्क्यांवर ठेवावं. त्याहून कोरडं म्हणजे अधिक सुरक्षित असं नाही. महिनोन्महिने ३० टक्क्यांच्या खाली राहिलेल्या लेन्समधलं ग्रीस सुकू लागतं, रबर कडक होतं. कॅबिनेट नसेल तर रबरी कडा असलेला, झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल. इथे एक चूक फार लोक करतात: लेन्स तिच्या कापडी किंवा चामडी पाउचसकट डब्यात ठेवतात. १५ लिटरच्या डब्यातल्या हवेत पाण्याची वाफ अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असते, तेवढी शोषायला चिमूटभर जेल पुरतं. जेलला थकवतो तो कापडात, फोममध्ये, चामड्याच्या पट्ट्यात मुरलेला ओलावा. लेन्स उघडी ठेवली तर अशा डब्याला १०० ग्रॅम जेल पुष्कळ झालं. केशरी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून घ्यावेत, आणि त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं वापरू नये.

लेन्स घेताना आपण दोन वेगळे प्रश्न विचारतो: फोटो कसा येतो, आणि टिकते किती. मला हा एकच प्रश्न वाटतो. लेन्सची क्वालिटी म्हणजे काचांची एकमेकींशी असलेली जागा आणि त्यांच्यावरची कोटिंग. टिकाऊपणा म्हणजे पाचव्या वर्षी त्यातलं किती शिल्लक आहे. कॅननची २०१० सालची ७०-२०० मिमी एफ/२.८ झूम घ्या, आजही लग्नाच्या कामात सर्रास दिसणारी. तिच्यात १९ गटांत बसवलेल्या २३ काचा आहेत. १९ गट म्हणजे प्रकाशाला हवेतून काचेत आणि काचेतून हवेत असे ३८ पृष्ठभाग ओलांडायचे आहेत. साध्या काचेचा एक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. कोटिंग नसतं तर ३८ पृष्ठभागांनंतर सेन्सरपर्यंत फक्त पाचवा हिस्सा पोचला असता, आणि परत फेकलेला बाकीचा प्रकाश लेन्सच्या पोटात इकडून तिकडे आदळत धुकं करत बसला असता. मल्टिकोटिंगने प्रत्येक पृष्ठभागाचं परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आणलं की ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश पोचतो. झाइस या जर्मन कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुलांनी १९३५ मध्ये परावर्तन कमी करणाऱ्या कोटिंगचं पेटंट घेतलं. असं कोटिंग नसतं, तर इतक्या काचांची झूम लेन्स कुणी बनवायलाच घेतली नसती.

म्हणून फंगसने एखादा पृष्ठभाग खाल्ला की फोटोवर ठिपका येत नाही. काळा रंग जातो. मंडपातले एलईडी समोर असले की नवरदेवाची काळी शेरवानी करडी दिसू लागते, मंगळसूत्राचे मणी एकमेकांत मिसळतात. एडिटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून वेळ मारून नेता येते, पण सावलीतला तपशील मेलेलाच असतो. याउलट आतल्या धुळीचे दहावीस कण पाहून घाबरण्याचं कारण नाही. ते फोकसपासून इतके दूर असतात की फोटोत त्यांचा मागमूस नसतो. पुढच्या काचेवरची एखादी बारीक रेघही बहुधा निरुपद्रवी असते. शेवटची, सेन्सरकडची काच मात्र जिवापाड जपावी. तिथला ओरखडा किंवा बोटाचा ठसा लहान अपर्चरला (प्रकाश आत सोडणारं छिद्र बारीक केल्यावर; एफचा आकडा जितका मोठा तितकं ते बारीक) थेट फोटोत उतरतो.

आता उन्हाचं. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत काम करण्याचं तापमान ० ते ४० अंश असं छापलेलं असतं. म्हणजे मे महिन्यातली नागपूरची जवळजवळ कोणतीही दुपार पुस्तिकेच्या बाहेरची आहे. तरी कॅमेरे चालतात, कारण कंपन्या थोडी सवलत धरून चालतात. खरी हानी शूटिंगच्या वेळी कमी आणि बंद गाडीत जास्त होते. उन्हात उभ्या गाडीच्या आत पारा साठच्या पुढे सहज जातो, काळी बॅग त्याहून तापते. त्या तापमानाला फोकसच्या आट्यांतलं ग्रीस पातळ होऊन सरकतं आणि अपर्चरच्या पात्यांवर येतं. तेलकट पाती चिकटून चालतात, एफ/८ ठेवलं तरी वेळेत तिथवर मिटत नाहीत आणि एकाआड एक फोटो उजळ येतो. ग्राहकाला ही फ्लॅशची गडबड वाटते. काचा जोडणारं सिमेंटही उष्णतेच्या चढउतारांनी सुटू शकतं. मग कडेला इंद्रधनुषी पट्टा दिसतो. म्हणून बॅग डिकीत ठेवून जेवायला जाणं नको. ती सोबत घ्यावी, किंवा पांढऱ्या सुती चादरीत गुंडाळून सीटखाली सावलीत ठेवावी आणि तीही दहा मिनिटांपुरतीच.

मोठ्या टेलिफोटो लेन्सेस पांढऱ्या का असतात, याचं उत्तर उन्हातच आहे. कॅननने १९६९ मध्ये एफएल-एफ ३०० मिमी एफ/५.६ या लेन्समध्ये कृत्रिमरीत्या वाढवलेला फ्लोराइटचा स्फटिक वापरला. रंगांची फाकणी थांबवायला फ्लोराइटसारखं दुसरं काही नाही, पण तापल्यावर ते साध्या ऑप्टिकल काचेच्या दुपटीहून जास्त फुगतं आणि फोकस हलतो. पांढरा रंग ऊन परतवतो, आतलं तापमान कमी चढतं. याच कारणाने या लेन्सेसची फोकस रिंग अनंताच्या खुणेपलीकडेही फिरते. गरम दिवशी अनंत कुठे सरकेल याचा नेम नसतो. फुटाळा तलावाच्या काठावरून चंद्र टिपताना रिंग शेवटपर्यंत फिरवून सोडली तर चंद्र धूसर येणार, हे ठरलेलं. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर) दहापट मोठं करून फोकस लावावा आणि तासाभराने पुन्हा तपासावा.

उन्हाचा आणखी एक खेळ आहे, आणि त्यात लेन्सला बिचारीला फुकट बोल लागतो. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला इथल्या सफारी एप्रिल-मेमध्येच सगळ्यात जोरात असतात, कारण पाणवठ्यावर वाघ दिसतो. सकाळी नऊनंतर जमीन तापली की तिच्यावरून झळा उठतात. गरम आणि गार हवेचे थर वेगवेगळ्या कोनात प्रकाश वाकवतात. डोळ्याला ते लांबच्या रस्त्यावर मृगजळासारखं दिसतं. ६०० मिमीच्या लेन्सला ते ऐंशी मीटरवरच्या वाघाच्या अंगावरही दिसतं. पट्टे आहेत, मिशा गेल्या. मग लेन्स सॉफ्ट आहे, चित्र धूसर देते, म्हणून ती सर्व्हिसला पाठवली जाते, सर्व्हिसवाले तिच्यात काही दोष नाही म्हणून परत देतात, आणि फोटोग्राफरचा दोघांवरचा विश्वास उडतो. ओळखायची रीत सोपी आहे. सेकंदाला दहा फ्रेमचा एक बर्स्ट मारा आणि फोटो एकामागून एक पाहा. दोष लेन्सचा असेल तर सगळे सारखेच सॉफ्ट येतील. झळांचा असेल तर एका फ्रेममध्ये डोळा शार्प, दुसऱ्यात कान, आणि कडा लाटेसारख्या हललेल्या. याला औषध नाही. जवळ जायला मिळणं किंवा पहाटेचा पहिला दीड तास, एवढंच. एसी चालू ठेवून गाडीच्या उघड्या खिडकीतून फोटो काढू नये; गार-गरम हवेची सरमिसळ तिथे लेन्सच्या तोंडाशीच होते. तापलेल्या लेन्स हूडमध्ये अडकलेली हवाही हाच उपद्व्याप करते, तेव्हा पाच मिनिटं हूड काढून पाहायला हरकत नाही.

मुरमाच्या रस्त्यावर समोरच्या जिप्सीमागे चालताना जो फुफाटा उडतो, त्याने झूम लेन्सेसमधला एक मूलभूत फरक उघडा पडतो. काही झूम फिरवल्यावर बाहेर येतात, काहींच्या काचा आतल्या आतच सरकतात. बाहेर येणारी झूम भात्यासारखी असते: लांब होताना हवा आत ओढते, आखूड होताना बाहेर टाकते, आणि हवेबरोबर लाल धूळही जाते-येते. सोनीची २०१९ ची २००-६०० आतल्या आत झूम होते. कॅननची २०२० ची आरएफ १००-५०० बाहेर येते. दुसरी हलकी आहे, बॅगेत मावते, चित्र उत्तम देते. पण वर्षाला तीसचाळीस सफारी करणाऱ्याने आतल्या आत सरकणारी घ्यावी, असं मी म्हणेन. कॅननच्या आरएफ ७०-२०० एफ/२.८ मध्येही हा फरक आला: २०१९ ची बाहेर येणारी, २०२४ ची पुन्हा आत सरकणारी.

वेदर सीलिंग या शब्दावर लोक गरजेपेक्षा जास्त भिस्त ठेवतात. बहुतेक कंपन्या लेन्सला कोणताही मोजलेला दर्जा देत नाहीत, नुसतं ‘धूळ व ओलाव्याला प्रतिरोधक’ असं लिहितात. ओएम सिस्टिमने २०२२ च्या ओएम-१ कॅमेऱ्याला आयपी५३ हा मोजलेला दर्जा दिला; असे अपवाद थोडेच. कॅननने १७-४० एफ/४ सारख्या काही लेन्सेसबद्दल स्वतःच सांगून ठेवलं आहे की पुढे फिल्टर लावल्याशिवाय त्यांचं सीलिंग पूर्ण होत नाही. फिल्टर लावायचाच तर चांगल्या कोटिंगचा. स्वस्तातला फिल्टर २०० मिमीला सगळी शार्पनेस खातो आणि रात्रीच्या वरातीत प्रत्येक दिव्याचं हिरवं भूत फोटोत विरुद्ध बाजूला उमटवतो.

जिप्सीचे हादरेही मोजायला हवेत. मोठी लेन्स कॅमेऱ्याला लटकवून मांडीवर ठेवली की सगळा भार माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याच्या, स्क्रूंवर येतो. लेन्स हाताने तोलावी, चालत्या गाडीत बीन बॅगवर आडवी ठेवावी. हंगाम संपल्यावर माउंट धरून लेन्स हलकेच डावी-उजवी हलवून पाहावी. किंचित टकटक जाणवली तर स्क्रू ढिले आहेत. लिनियर मोटरच्या नव्या लेन्सेस बंद असताना हलवल्या की आतून खुळखुळतात, तो दोष नव्हे. करंट नसला की फोकसची काच मोकळी असते. उन्हात तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याने काच पुसण्याची सवय मात्र तोडलीच पाहिजे. धुळीतले गारगोटीचे कण काचेपेक्षा कठीण असतात. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि डाग राहिलाच तर लेन्स पेपरवर एक थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल. थेंब कागदावर टाकायचा, काचेवर नाही, नाहीतर तो कडेने आत उतरतो. डासांसाठी डीटचं मलम लावलेल्या हातांनी रबरी रिंगला हात लावू नये. डीट काही प्रकारचं प्लॅस्टिक आणि रबर खराब करतं.

लग्नाच्या कामात किती शार्पनेस लागते? आपल्याकडचा रूढ अल्बम १२ बाय ३६ इंचांचा. त्याचं एक पान १२ बाय १८. इंचाला ३०० ठिपके धरले तर एका पानाला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, आणि २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० बाय ४००० देतो. म्हणजे एका पानावरच्या फोटोला २४ पुरतात, फक्त लेन्सने ते २४ खरे भरले पाहिजेत. अडचण येते ती दोन पानांवर पसरलेल्या ग्रुप फोटोत, जिथे इंचाला जेमतेम १६५ ठिपके उरतात आणि कडेला उभ्या असलेल्या आत्या-मावश्या लेन्सच्या सगळ्यात दुबळ्या भागात येतात. २४ मिमीवर कडेचे चेहरे ताणले जातात, लेन्स कितीही महाग असो. जागा असेल तर मागे सरकून ३५ ते ५० मिमी वापरावं, अपर्चर एफ/५.६ ते एफ/८. एफ/१६ ला जाऊन सगळंच फोकसमध्ये आणण्याचा मोह टाळावा. एफ/११ लाच प्रकाशाच्या बिंदूची विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सुमारे १५ मायक्रॉनची चकती होते आणि २४ मेगापिक्सेल फुल फ्रेमचा एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा असतो. बऱ्याच झूम लेन्सेसचं फोकसचं प्रतल सपाट नसतं, कडेला कॅमेऱ्याकडे वाकतं. अशा लेन्ससमोर रांग किंचित कमानीत, टोकाची माणसं अर्धं पाऊल पुढे घेऊन उभी केली, तर तोच पैसा जास्त वसूल होतो.

एमटीएफचे, म्हणजे लेन्स बारीक तपशील किती ठळक देते याचे, आलेख कंपनी छापते, ते लेन्सच्या आराखड्याबद्दल खूप सांगतात आणि तुमच्या हातातल्या नगाबद्दल काहीच नाही. झाइस प्रत्यक्ष लेन्स मोजून आलेख देते, इतर अनेक जण गणिताने काढलेले देतात. आपला नग आपणच तपासावा लागतो. सकाळी साडेसहाला, झळा उठायच्या आत, गच्चीवर ट्रायपॉड लावावा. शंभरेक मीटरवरची एक पाण्याची टाकी निवडावी, जिच्यावर अक्षरं आहेत. स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर, सगळ्यात मोठं अपर्चर. टाकी आधी मधोमध, मग पाळीपाळीने फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत आणावी, प्रत्येक वेळी नव्याने फोकस करून तीन-तीन फोटो घ्यावेत. ७०-२०० असेल तर ७०, १३५ आणि २०० ला हेच. चारही कोपरे सारखेच सॉफ्ट असतील तर तो लेन्सचा स्वभाव आहे. एकच कोपरा गेला असेल, तर आतली एखादी काच मध्यापासून सरकली आहे किंवा तिरकी बसली आहे. दुसऱ्या बॉडीवर तोच कोपरा बरा आला तर माउंट बॉडीचं वाकलं आहे. बॅगेसकट कट्ट्यावरून पडलेल्या लेन्सला बाहेरून ओरखडाही नसतो, आणि असा कोपरा मात्र गेलेला असतो.

जुलैत उलटा धोका. मेमधल्या कोरड्या हवेचा दवबिंदू १५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे एसीतून बाहेर आलेली लेन्स धुरकटत नाही. पावसाळ्यात २८ अंश आणि ८० टक्के ओलावा असला की दवबिंदू २४ वर येतो, आणि २० अंशांच्या एसी खोलीतली लेन्स बाहेर काढताक्षणी न्हाऊन निघते. मारबतीच्या मिरवणुकीला एसी गाडीतून उतरून थेट गर्दीत घुसणाऱ्याची पहिली पंधरा मिनिटं काच पुसण्यातच जातात. निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी एसी बंद करावा, किंवा कॅमेरा चेन लावलेल्या बॅगेत ठेवून बॅगेसकट बाहेरच्या हवेत येऊ द्यावा. धुरकटलेल्या अवस्थेत लेन्स बदलू नये, ओल सेन्सरवर जाते. आतल्या काचेवर वाफ धरली असेल तर हेअर ड्रायर नको. रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात ठेवली की ती निघते.

दिवाळीनंतर जुन्या लेन्सेस विकायला निघतात, कारण लग्नसराईच्या आधी लोक नवं घेतात. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) किंवा ओळखीतून जुनी घेताना “भाऊ, एकदम मिंट आहे” या वाक्याच्या पुढे जाऊन पाच मिनिटं मागून घ्यावीत. दोन्ही झाकणं काढून मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून तिरका मारायचा आणि पुढून पाहायचं, मग उलट. धुळीचे ठिपके सोडून द्यायचे. कडेकडून आत आलेले धागे, दुधाळ पट्टा किंवा इंद्रधनुषी कडा दिसली तर लेन्स परत द्यायची. आपल्या कॅमेऱ्यावर लावून एफ/८ ठेवायचं, डेप्थ प्रिव्ह्यूचं (अपर्चरची पाती प्रत्यक्ष मिटवणारं) बटण दाबून झूम एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवायची आणि वाटेत पाचसहा फोटो काढायचे. अपर्चरकडे जाणारी चपटी पट्टी केबल झूमच्या प्रत्येक फेरीत वाकते आणि वर्षांनी तडकते. तडकलेली असेल तर एफ/२.८ ला सगळं ठीक चालतं, कारण तिथे पाती हलवावीच लागत नाहीत; एफ/८ ला एखाद्या ठरावीक जागी एरर येते. ती आली की आधी सोनेरी कॉन्टॅक्ट पुसून पुन्हा पाहायचं. लेन्स तोंड खाली करून धरली असता झूम आपोआप घसरते का, तेही पाहायचं. आणि शेवटी ती कुठे ठेवलेली होती हे विचारायचं: कपाट कोणत्या खोलीत आहे, आणि त्या खोलीला कूलर आहे का.